रिकाम्या दिवसावरचा उपचार

‘बेकार’ हा शब्द मराठीत फारसीतून आला तेव्हा त्याचा अर्थ ‘ज्याच्या हाताला काम नाही असा’ एवढाच होता. पुढे त्याला ‘वाईट’, ‘टाकाऊ’, ‘कुचकामी’ असा दुसरा अर्थ चिकटला आणि आज पदार्थाची चव, रस्त्याची अवस्था किंवा एखादा सिनेमा यांबद्दलही तो सर्रास वापरला जातो. काम गेलेला माणूस आणि निरुपयोगी माणूस यांच्यातला भेद भाषेने असा पुसून टाकावा ही गोष्ट साधी नाही, कारण ज्याची नोकरी जाते तोही हीच भाषा बोलत असतो आणि पहिल्या अर्थापासून दुसऱ्या अर्थापर्यंतची वाट तो स्वतःविषयी, मनातल्या मनात, फार लवकर चालून जातो. बेकारीने खचलेल्या माणसांच्या मानसोपचाराचा गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास हा मुख्यतः या दोन अर्थांची पुन्हा ताटातूट करण्याच्या खटपटीचा इतिहास आहे. २०२० साली कोविडची महासाथ आली आणि टाळेबंदीने कोट्यवधी लोकांचे काम एका रात्रीत थांबवले, तेव्हा या साऱ्या खटपटीची कसोटी लागली; त्या कसोटीत काय टिकले आणि काय अपुरे पडले हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

साथ आणि रोजगार यांचा संबंध मुंबईला नवा नव्हता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढच्या काही महिन्यांत, १८९१ च्या जनगणनेनुसार सुमारे ८ लाख २० हजार वस्ती असलेल्या या शहरातून जवळजवळ निम्मे लोक गावाकडे निघून गेले. त्या वेळी काम जागेवर होते आणि कामगार गेले होते, त्यामुळे गिरण्यांना उरलेल्या मजुरांना टिकवण्यासाठी रोजच्या रोज मजुरी देणे भाग पडले; २०२० मध्ये मात्र आधी काम गेले आणि मग कामगार निघाले, आणि या उलट्या क्रमामुळेच दुसऱ्या साथीतले दुःख वेगळ्या जातीचे ठरले. प्लेगच्या काळात झालेला १८९७ चा साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने पुन्हा लागू केला. या कायद्यात तपासणी आहे, विलगीकरण आहे, शिक्षा आहे. माणसाच्या मनाचा उल्लेख त्यात नाही आणि तो असण्याचा संभवही नव्हता, कारण बोलण्यातून उपचार करणे हा व्यवसायच तेव्हा हिंदुस्थानात अस्तित्वात आलेला नव्हता.

बेकारीचा मनावर होणारा परिणाम शास्त्रीय पद्धतीने प्रथम नोंदला गेला तो ऑस्ट्रियात. व्हिएन्नाच्या आग्नेयेला मारिएन्थाल नावाची कापड गिरणीभोवती वसलेली वस्ती होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झालेली ही गिरणी जागतिक मंदीच्या तडाख्यात १९२९-३० मध्ये बंद पडली आणि ४७८ कुटुंबांच्या त्या गावात जवळजवळ प्रत्येक घर एकाच वेळी बेकार झाले. पॉल लाझार्सफेल्ड, मारी याहोदा आणि हान्स त्साइझेल हे तिघे तरुण संशोधक १९३१ च्या अखेरीस तेथे गेले. लाझार्सफेल्ड यांना खरे तर कामगारांच्या फुरसतीच्या वेळेचा अभ्यास करायचा होता. परंतु लाखो लोक बेकार असताना फुरसतीचा अभ्यास कसला करता, बेकारीचा करा, असे समाजवादी नेते ओटो बाउअर यांनी त्यांना सुचवले आणि सामाजिक मानसशास्त्रातला एक मोठा अभ्यास त्यातून उभा राहिला.

त्या काळी सर्वसाधारण समजूत अशी होती की भुकेलेला बेकार माणूस बंड करील. मारिएन्थालमध्ये दिसले ते याच्या अगदी उलट होते. वेळ भरपूर होता, वाचनालयही होते, पण वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली. राजकीय वृत्तपत्रांचे वर्गणीदार घटले. मंडळे आणि क्लब ओस पडत गेले. संशोधकांनी खिडकीआड बसून, हातात घड्याळ घेऊन, मुख्य रस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल मोजली, तेव्हा पुरुष पुन्हा पुन्हा थांबत, रेंगाळत, कुठेही पोहोचण्याची घाई नसल्यासारखे चालताना आढळले आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या खिशात घड्याळच उरले नव्हते. दिवसभरात काय केले याचा तक्ता त्यांच्याकडून भरून घेतला, तर उठणे, जेवणे आणि झोपणे या तीन नोंदींच्या मध्ये सांगण्यासारखे काही नव्हते. बायकांच्या तक्त्यांत मात्र रकाने भरलेले होते, कारण गिरणी बंद पडली तरी चूल, धुणे आणि मुले बंद पडत नाहीत. त्याच रस्त्यावरून त्या भराभर चालत जात होत्या. मोकळा वेळ ही देणगी नसून कामाच्या चौकटीबाहेर तो माणसाला पोखरतो, हा निष्कर्ष या तक्त्यांतून निघाला. शंभर कुटुंबांच्या बारकाईने केलेल्या पाहणीत जवळजवळ निम्मी घरे ‘हार मानून बसलेली’ या वर्गात पडली: संसार चालू आहे, मुलांची काळजी घेतली जाते, पण पुढचा बेत म्हणून कसलाही नाही.

या अभ्यासातली एक गोष्ट मानसोपचाराच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाही, पण ती निष्कर्षांइतकीच मोलाची आहे. गावात कोणीही नुसता निरीक्षक म्हणून जायचे नाही, लोकांच्या उपयोगी पडेल असे काहीतरी काम हाती घेऊनच जायचे, असा दंडक या गटाने स्वतःला घालून घेतला होता. त्याप्रमाणे व्हिएन्नात जुने कपडे गोळा करून त्यांचे वाटप झाले, मोफत वैद्यकीय तपासणी सुरू झाली, बायकांसाठी कपडे बेतण्याचे आणि मुलींसाठी व्यायामाचे वर्ग चालले. आणि कपडे द्यायला घरी आलेल्या माणसाजवळ लोक जे बोलले ते प्रश्नावली घेऊन आलेल्या माणसाजवळ बोलले नसते. मानसोपचार हा शब्द तेथे कोणी वापरला नव्हता, तरी दुःख ऐकून घेणे आणि दुःखाच्या कारणाला हात घालणे या दोन गोष्टी तेथे एकत्र होत्या. पुढे ज्या ज्या ठिकाणी बेकारांवरचे उपचार सफल झाले तेथे त्या एकत्र राहिल्या, आणि जेथे त्या सुटल्या तेथे उपचार लंगडा पडला, असे या इतिहासाकडे पाहता म्हणावे लागते.

मारिएन्थालचा ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला तो मुखपृष्ठावर लेखकांची नावे न घालता, कारण जर्मनीत नाझी सत्तेवर आले होते आणि ती नावे ज्यूंची होती. याहोदा यांना १९३६ मध्ये अटक झाली आणि पुढच्या वर्षी त्यांना देश सोडावा लागला. इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यावर त्यांनी आयुष्यभर हाच प्रश्न पुढे चालवला आणि १९८२ च्या आपल्या पुस्तकात त्याला सिद्धांताचे रूप दिले. नोकरी पगार देते हे उघड आहे, परंतु पगाराच्या आडून ती आणखी पाच गोष्टी देत असते: दिवसाला एक आखणी, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, एकट्याने साधणार नाही अशा सामूहिक उद्दिष्टात वाटा, समाजात ओळख, आणि नियमाने काहीतरी करत राहण्याची सक्ती. नोकरी जाते तेव्हा पैशाबरोबर या पाचही गोष्टी जातात, आणि म्हणून भत्ता मिळत असलेला बेकार माणूसही खचतो. बेकारीतले नैराश्य हा माणसाच्या स्वभावाचा दोष नसून त्याच्या दिवसातून काढून घेतलेल्या गोष्टींचा परिणाम आहे, असे म्हणायला याहोदांमुळे आधार मिळाला.

दुसरा प्रवाह अमेरिकेतून आला आणि त्याची सुरुवात बाह्य परिस्थितीपासून न होता विचारांपासून झाली. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये, आणि अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात, असे मांडले की घटना थेट भावना निर्माण करत नाही. घटनेचा माणूस जो अर्थ लावतो तो भावनेला जन्म देतो. नोकरी गेली ही घटना. ‘म्हणजे मी नालायक आहे आणि आता काहीच होणार नाही’ हा तिचा लावलेला अर्थ. आणि अंथरुणातून उठावेसे न वाटणे हा त्या अर्थाचा परिणाम. हा मधला दुवा शोधून, तो पुराव्यावर घासून, बदलायला शिकवणे म्हणजे बोधात्मक वर्तन उपचार. एलिस यांची पद्धती मुंबईत किशोर फडके यांनी रुजवली, आणि मराठीत ती ‘विवेकनिष्ठ’ या समर्पक विशेषणाने ओळखली जाऊ लागली. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी उभ्या केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेच्या कामातूनही हा विचार सामान्य मराठी घरांपर्यंत पोहोचला. शब्दच्छलासारखा वाटला तरी हा उपचार ‘बेकार’ या शब्दाच्या दोन अर्थांमधली भिंत बांधण्याचाच होता: काम गेले हे खरे, पण माणूस टाकाऊ झाला हे खरे नाही.

तथापि हा विचार ज्यांना सर्वांत अधिक लागला असता त्यांच्यापर्यंत तो वेळेवर पोहोचला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही आणि त्यांच्यातल्या फार मोठ्या भागाला गिरणीत पुन्हा पाऊल ठेवता आले नाही. लालबाग, परळ, शिवडीच्या चाळींत मारिएन्थाल कित्येक पटींनी मोठे होऊन अवतरले होते. भोंग्यावर चालणारा दिवस भोंग्यावाचून सुटा झाला, पाळीवरून परतणाऱ्या माणसाचा घरातला मान गेला, पोरे गल्लीच्या तोंडाशी उभी राहू लागली. त्याच वर्षी भारत सरकारने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला, परंतु त्याचा रोख तीव्र मनोविकार आणि अपस्मार यांच्यावर होता. संपाने खचलेल्या माणसाची गणना त्यात रुग्ण म्हणून होत नव्हती. त्या घरांचे मन नोंदवले ते वैद्यकाने नव्हे, साहित्याने. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक बंद गिरणीच्या सावलीतल्या एका घराची कहाणी सांगते, आणि कोणत्याही समुपदेशकाच्या नोंदवहीपेक्षा त्या काळाचा तो अधिक भरवशाचा दस्तऐवज आहे.

पाश्चात्य देशांत दरम्यान बेकारांसाठी खास उपचार तपासले जाऊ लागले. मिशिगन विद्यापीठात १९८० च्या दशकात नोकरी गेलेल्यांसाठी गटवर्ग सुरू झाले. त्यांत काम शोधण्याचे कौशल्य शिकवले जाई, शिवाय नकार पचवण्याची आधीच तयारी करून घेतली जाई, जेणेकरून दहावे नकारपत्र आले तरी माणूस अकरावा अर्ज लिहील. ब्रिटनमध्ये ज्युडिथ प्राउडफूट आणि सहकाऱ्यांनी वर्षाहून अधिक काळ बेकार असलेल्या व्यावसायिकांवर केलेला प्रयोग १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला: एका गटाला सात आठवडे बोधात्मक वर्तन प्रशिक्षण, दुसऱ्याला तितकाच वेळ परस्पर आधाराचे वर्ग. चार महिन्यांनी पहिल्या गटातील ३४ टक्के लोकांना पूर्णवेळ नोकरी लागली होती, दुसऱ्यातील १३ टक्क्यांना. आणि विशेष म्हणजे दोन्ही गटांनी नोकरीसाठी केलेली धडपड सारखीच होती. हाच धागा पकडून अर्थतज्ज्ञ रिचर्ड लेयर्ड यांनी २००६ मध्ये असा हिशेब मांडला की नैराश्यावरचे उपचार सरकारने मोफत पुरवले तर वाचलेल्या भत्त्यांतून त्यांचा खर्च निघेल, आणि २००८ पासून इंग्लंडभर तशी सेवा सुरू झाली.

या युक्तिवादात एक धोका दडलेला होता. उपचाराचे यश नोकरी लागण्यावर मोजले की नोकरी न लागणे हा उपचार घेणाऱ्याचा दोष ठरू लागतो. लिन फ्रीडली आणि रॉबर्ट स्टर्न यांनी २०१५ मध्ये नेमके यावर बोट ठेवले: बेकार भत्ता चालू राहावा म्हणून आशावादी वृत्ती दाखवण्याची सक्ती होऊ लागली, तर मानसशास्त्र हे उपचार न राहता शिस्तीचे हत्यार होते. बाजारात जागाच नसतील तर उमेदवाराचे विचार सुधारून जागा निर्माण होत नाहीत, ही साधी गोष्ट एरवी विसरली गेली तरी महासाथीत विसरता येण्यासारखी नव्हती.

भारतीय परिस्थितीत टिकेल असा उपचार घडला तो गोव्यात, आणि त्याची मुळे तिसऱ्याच प्रवाहात होती. पीटर लुइन्सन यांनी १९७० च्या दशकात ओरेगनमध्ये असे मांडले होते की खचलेला माणूस आनंद आणि समाधान देणाऱ्या गोष्टी सोडत जातो, त्या सोडल्यामुळे आणखी खचतो, आणि हे चक्र विचारांपेक्षा कृतीच्या बाजूने तोडणे सोपे असते. यालाच वर्तन सक्रियता म्हणतात. १९९६ मध्ये नील जेकबसन यांच्या गटाने दाखवले की बोधात्मक वर्तन उपचारातला केवळ हा कृतीचा भाग दिला तरी पूर्ण उपचाराइतकाच गुण येतो. या निष्कर्षाचे मोल अमेरिकेपेक्षा गरीब देशांना अधिक होते, कारण विचारांचे सूक्ष्म विश्लेषण शिकवायला वर्षे लागतात, पण दिवसाची आखणी करून द्यायला शेजारची समजूतदार व्यक्तीही काही आठवड्यांत तयार होऊ शकते.

विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था स्थापन केली होती; कोकणीत या शब्दाचा अर्थ सोबत, आणि मराठीतला ‘सांगाती’ त्याच्याच नात्यातला. ‘मानस’ या नावाने झालेल्या तिच्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले, २४ दवाखान्यांत येणाऱ्या नैराश्य व चिंताग्रस्त रुग्णांना प्रशिक्षित पण अवैद्यकीय समुपदेशकांनी मदत केली आणि सरकारी आरोग्य केंद्रांत तिचा गुण दिसला. पुढे वर्तन सक्रियतेवर आधारलेला सहा ते आठ भेटींचा एक छोटा उपचार त्यांनी बांधला. भेट तीस-चाळीस मिनिटांची, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. समुपदेशक त्याच परिसरातला, तीच बोली बोलणारा. आणि त्याच्या कामावर देखरेख कशी, तर भेटींचे ध्वनिमुद्रण ऐकून सहकारी एकमेकांना गुण देत आणि चुका दाखवत. दहा आरोग्य केंद्रांतील ४९५ प्रौढांवर झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

या यशामागची भाषेची बाजू लक्षात घेण्याजोगी आहे. गोव्यात, जसे महाराष्ट्रात, आपल्याला नैराश्य आले आहे असे म्हणत कोणी दवाखान्यात येत नाही. अंग दुखते, झोप लागत नाही, डोके भणभणते, फार टेन्शन आहे, असे सांगत माणूस येतो, आणि त्या टेन्शनच्या पोटात थकलेले भाडे, सावकार, सुटलेले काम असते. समुपदेशकांना हे टेन्शन आहे तसे स्वीकारायला शिकवले गेले. रोगाचे नाव माथी मारण्याऐवजी समुपदेशक विचारतो की कालचा दिवस कसा गेला, आणि मग दोघे मिळून उद्याचा दिवस मांडतात: सकाळी अंगण झाडणे, एका जुन्या ओळखीच्या माणसाला भेटणे, एका ठिकाणी कामाची चौकशी. मारिएन्थालच्या तक्त्यातले कोरे रकाने येथे एकेक करून भरले जातात. त्याबरोबर व्यवहारातल्या अडचणीही हाताळल्या जातात, म्हणजे कोणत्या कार्यालयात जायचे, कोणाकडे दाद मागायची. विदर्भातही याच धर्तीचे काम झाले: अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गावातल्याच कार्यकर्त्यांमार्फत चाललेल्या ‘विश्राम’ या कार्यक्रमाने, नैराश्य असून काहीतरी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर नेले.

म्हणजे मार्च २०२० मध्ये ज्ञान उपलब्ध होते. उपलब्ध नव्हती ती त्याची व्याप्ती. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात मनोविकार असलेल्यांपैकी आठ-दशांशांहून अधिक लोकांना उपचार मिळत नव्हता. अशा वेळी टाळेबंदी आली. ‘सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी’ या मुंबईतील संस्थेच्या अंदाजानुसार एप्रिल २०२० या एका महिन्यात सुमारे १२ कोटी २० लाख लोकांचे काम सुटले आणि त्यांतले सुमारे ९ कोटी १० लाख छोटे विक्रेते आणि रोजंदार होते, म्हणजे ज्यांचे हातावर पोट त्यांचेच हात रिकामे झाले. घरकाम करणाऱ्या बायकांना गृहनिर्माण सोसायट्यांनी फाटकाबाहेर थांबवले. गोव्यात पर्यटन थांबले. बांधकामे जागच्या जागी उभी राहिली. ८ मे रोजी जालन्याहून भुसावळकडे रुळांच्या कडेने चालत निघालेले सोळा मजूर औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ मालगाडीखाली मरण पावले. थकून रुळांवर झोपी गेलेल्या त्या माणसांना मानसोपचाराची गरज होती असे म्हणणे क्रूर ठरेल; त्यांना गाडीचे तिकीट, शिधा आणि मजुरी हवी होती.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र मनाचा प्रश्न त्या गर्दीत ओळखला, याची नोंद इतिहासाने घ्यायला हवी. ३१ मार्च २०२० च्या आदेशात, २१ हजारांहून अधिक निवारा केंद्रांत सहा लाखांहून अधिक लोक असल्याचे सरकारने सांगितल्यावर, सरन्यायाधीश शरद बोबडे आणि न्या. नागेश्वर राव यांनी निर्देश दिला की प्रशिक्षित समुपदेशकांनी, तसेच सर्व धर्मांच्या स्थानिक पुढाऱ्यांनी, या केंद्रांत जाऊन स्थलांतरित मजुरांची घालमेल समजून घ्यावी आणि पोलिसांनी त्यांच्याशी माणुसकीने वागावे. बेकार झालेल्या माणसाचे भय ही राज्याने दखल घेण्याची गोष्ट आहे, असे या देशात इतक्या वरच्या पातळीवरून त्यापूर्वी क्वचितच म्हटले गेले असेल. त्याच आदेशात मजुरांचे पलायन मुख्यतः खोट्या बातम्यांमुळे झाले असे धरले गेले. ते निदान अपुरे होते, कारण भाडे आणि भूक या खोट्या बातम्या नव्हत्या.

प्रत्यक्षात उपचार पोहोचला तो दूरध्वनीवरून. २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली आणि फोनवरून सल्ला देण्याला प्रथमच नीट कायदेशीर चौकट मिळाली. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेने राष्ट्रीय मदतवाहिनी उघडली. टाटा समाजविज्ञान संस्थेची २०१२ पासून मुंबईतून चालणारी ‘आयकॉल’ ही वाहिनी या काळात मोठा आधार ठरली. सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने तेरा भाषांतली ‘किरण’ वाहिनी सुरू केली. समुपदेशनाच्या कलेत यामुळे बदल झाला. समोरचा चेहरा दिसत नसल्याने शांततेचा अर्थ आवाजावरून लावावा लागे. आणि दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे असताना मनातले बोलायला आडोसा नसल्यामुळे जिना, गच्ची किंवा नळाची जागा हीच उपचाराची खोली झाली. वर्तन सक्रियतेपुढे तर मूलभूत अडचण उभी राहिली, कारण तिचा सारा भर बाहेर पडण्यावर, माणसांत जाण्यावर, आणि बाहेर पडण्यावरच बंदी होती. म्हणून घरातल्या घरात दिवसाला कणा देण्यावर जोर आला: ठरल्या वेळी उठणे, आंघोळ, मुलाचा अभ्यास, ठरल्या माणसाला फोन. एवढ्याने नोकरी येत नाही. दिवस मात्र हातून निसटत नाही, आणि खचलेल्या माणसाच्या बाबतीत हा फरक कधी कधी जीवन आणि मृत्यू यांच्यातला असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत बेकारी हे कारण नोंदलेल्या आत्महत्या २०१९ मध्ये २,८५१ होत्या, २०२० मध्ये ३,५४८ झाल्या.

त्याच वर्षी बेकारीवर सर्वांत व्यापक उपाय मात्र दूरध्वनीपलीकडे घडत होता. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्क ठरलेली महाराष्ट्राची रोजगार हमी योजना पुढे राष्ट्रीय कायद्याची प्रेरणा झाली, आणि २०२०-२१ मध्ये त्या राष्ट्रीय योजनेखाली सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवसांचे काम निघाले. शहरातून परतलेला वेल्डर किंवा वेटर बंधाऱ्यावर माती उचलताना सुखी होता असे नाही. पण हजेरीपटावर त्याचे नाव होते, आठची वेळ होती, शेजारी माणसे होती, आणि काम संपल्यावर दिसणारा बांध होता. याहोदांनी मोजलेल्या पाचपैकी बहुतेक गोष्टी त्या मातीत सापडतात. उपचार आणि रोजगार हे परस्परांचे पर्याय म्हणून मांडण्याची चूक धोरणकर्ते वारंवार करतात, एकदा समुपदेशन स्वस्त म्हणून आणि एकदा ते चैनीचे म्हणून, आणि दोन्ही वेळा मारिएन्थालचा मूळ धडा विसरला जातो.

१० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यात कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. नोकरी गेलेला माणूस जेथे आपल्या पायांनी येतो अशी सरकारी जागा बहुधा हीच. गोव्यात आणि अमरावतीत तावून सुलाखून निघालेल्या पद्धतीने शिकवलेला एक समुपदेशक या प्रत्येक केंद्रात बसवला जावा, त्याच्याशी बोलणे हे नाव नोंदवण्याची अट कधीही होऊ नये, आणि जे बोलले जाईल ते अर्जदाराच्या फाइलीत लिहिले जाऊ नये. पुढची साथ येण्याआधी ती खुर्ची तेथे मांडलेली असावी, असा आग्रह मराठी वाचकाने आपापल्या जिल्ह्यात धरावा.